अकरा वर्षं उभी असलेली फियाट



इथं नेहमी ऊस, डाळिंब, पाणी आणि खताच्या नोंदी असतात. आजची नोंद रानातली नाही, दारातली आहे. यंदा मे महिन्यातच पावसानं आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्याला असं झोडपलं, की रानात पाय ठेवायची सोय राहिली नाही. वाफसा येईना, ट्रॅक्टर घालता येईना. हात रिकामे होते. तेव्हा दारात अकरा वर्षं उभी असलेली फियाट सुरू करायला घेतली. अधूनमधून करत ते काम दिवाळीपर्यंत पुरलं.

काय केलं, कोणत्या क्रमानं केलं, पैसे किती गेले, सगळं लिहितो. आपल्याकडं कुणाच्या गोठ्यामागं जीप उभी असते, कुणाच्या पडवीत राजदूत, कुणाच्या लिंबाखाली जुना ट्रॅक्टर. "बघू कधीतरी" म्हणत वर्षं जातात. त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी गाडीविषयी. आम्ही सगळे फियाट म्हणतो, पण कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ ची. इटलीच्या फियाट ११०० चीच ही भारतात बनलेली बहीण. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. प्रीमियर कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस. आमच्या तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं, तिथला साखर कारखाना त्यांचाच. आमचे तात्या म्हणायचे, "ज्यानं ऊस लावायला शिकवला त्याच्याच कंपनीची मोटार आपल्या दारात आहे." तात्यांचं बोलणं असंच असायचं, थोडं वाढवून. पण खोटं नव्हतं.

तात्यांनी ती १९९३ साली पुण्याहून जुनी घेतली, उसाच्या पैशातून. तेव्हा आमच्या वाडीत मोटार म्हणजे दुसरी. स्टेअरिंगला गिअरचा दांडा, चार सिलिंडर, १०८९ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ओढ. तिनं काय काय वाहिलं नाही! नवरीला सासरी पोचवलं, अडलेल्या बायकांना रात्री-अपरात्री बारामतीला नेलं, डिकीत खताची पोती घातली. एकदा तर मागच्या सीटवर बसून आजारी वासरू दवाखान्यात गेलं. भाडं तात्यांनी कुणाकडून घेतलं नाही. पेट्रोल टाका म्हणायचे, एवढंच.

तात्या २०१२ ला गेले. २०१४ ला आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. थोरले आण्णा आणि मी. जमीन वाटली, जनावरं वाटली, घरात भिंत आली, विहिरीच्या मोटारीची चार-चार दिवसांची पाळी ठरली. राहिली ती फियाट. ती कुणी घेईना, कारण घेणाऱ्याच्या वाट्यातून तेवढी रक्कम कापली जाणार होती. आणि दुसऱ्यानं विकलेली कुणाला चालेना. आरसी पुस्तक माझ्याकडं राहिलं, किल्ली आण्णांकडं. पुस्तकाशिवाय विकता येत नाही, किल्लीशिवाय चालवता येत नाही. गाडी मधल्या अंगणात, पत्र्याच्या शेडात उभी राहिली. वाटणी का झाली, कोण काय बोललं, ते इथं लिहीत नाही. ते घरातलं आहे. एवढंच सांगतो, की त्यानंतर आण्णांचं आणि माझं बोलणं म्हणजे "आज पाळी तुमची", "उद्या लाइट रात्रीची आहे", इतकंच.

आई सहा महिने त्यांच्याकडं, सहा महिने माझ्याकडं. वय अठ्ठ्याहत्तर. जूनमध्ये भंगारवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, अठरा हजार देतो. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "इका, न्हाईतर चालवा. दारात मढं ठिवू नगा."

मी त्याला परत पाठवलं. आणि पुतण्याला सांगितलं, बापाकडून किल्ली आण. पोरांचं आमच्यासारखं नाही, ती दोन्ही घरांत जेवतात. संध्याकाळी किल्ली आली. आण्णा आले नाहीत.

आता कामाचं.

उभ्या गाडीविषयी पहिली गोष्ट म्हणजे घाईनं सेल्फ मारायचा नाही. लोक काय करतात, नवी बॅटरी लावतात आणि थेट किल्ली फिरवतात. आत सिलिंडर कोरडे पडलेले असतात, रिंगांना गंज धरलेला असतो, टाकीतला गाळ नळीत चढतो. गाडी उभी राहून जेवढी बिघडली नसेल तेवढी त्या पाच मिनिटांत बिघडते. चालती गाडी झिजते, ते समजण्यासारखं आहे. उभी गाडी मात्र आतून धरते. रबर कडक होतं, लोखंड लोखंडाला चिकटतं, पातळ असतं ते घट्ट होतं. म्हणून आधी सोडवायचं, मग सुरू करायचं.

पहिला दिवस नुसता साफसफाईचा. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेलं. बाजरीचं भूस, सरकीचा कापूस, आमच्याच एका जुन्या धोतराच्या चिंध्या. वायरी दोन-तीन जागी कुरतडलेल्या. सीटखाली सापाची कात मिळाली. हात घालण्याआधी काठी घाला, हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण सांगतो.

मग चाकं. चारी टायर बसलेले, भेगाळलेले. मागची दोन्ही चाकं जागची हलेनात. हँडब्रेक ओढून ठेवला होता, त्यामुळं ब्रेकचे शू आतून ड्रमला गंजून चिकटले होते. या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेकची केबल सैल केली, शूचं अ‍ॅडजस्टमेंट मागं घेतलं, गंजावर तेल सोडलं, आणि ड्रमच्या कडेनं गोल फिरत लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे हलके ठोके दिले. एका जागी जोरात मारायचं नाही, ड्रम तडकतो. उजवं चाक त्याच दिवशी सुटलं. डावं तिसऱ्या दिवशी, "टक" असा आवाज करून. तुमची गाडी महिनाभराच्या वर उभी राहणार असेल, तर हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावा. पैसे न लागणारं काम आहे.

चाकं सुटल्यावर इंजिन. चारी प्लग काढले. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही. मग गाडी टॉप गिअरला टाकली, मागचं एक चाक जॅकवर उचललं, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, आणि ते उचललेलं चाक हातानं फिरवलं. मागच्या चाकाला ओढ असलेल्या गाडीत असं केलं की चाकाबरोबर इंजिनही फिरतं. पहिल्यांदा नुसतं इंचभर हललं. मागं, पुढं, मागं, पुढं. मग एकदम पूर्ण फेरी झाली आणि प्लगच्या भोकांतून काळं तेल फस्सकन उडालं. इंजिन जाम नव्हतं. त्या दिवशी जरा बरं वाटलं. इंजिन जाम निघालं असतं, तर मीच भंगारवाल्याला फोन लावणार होतो.

मग जुनं ऑइल काढलं, ते काकवीसारखं झालं होतं. नवीन ऑइल, नवीन फिल्टर. रेडिएटरमधून विटकरी पाणी निघालं. स्वच्छ पाणी निघेपर्यंत उलटसुलट धुतला. एका ठिकाणी गळत होता, तो झाळून आणला.

आता पेट्रोल, आणि इथं आपला ऊस येतो.

टाकीत पाच-सहा लिटर जुनं पेट्रोल होतं. रंग कोऱ्या चहाचा, वास वार्निशचा. जुन्या पेट्रोलमधलं हलकं ते उडून जातं आणि खाली चिकट राळ राहते. ती कार्बुरेटरच्या जेटमध्ये बसते. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजलं की गाडी सुरूच होत नाही, किंवा होते आणि पाय दिला की बंद पडते. टाकी उतरवून धुतली. हे घाण पेट्रोल बांधावर किंवा चारीत ओतू नका, ते मुरत विहिरीत उतरतं. मी डब्यात बंद करून गॅरेजवाल्याला दिलं.

कार्बुरेटर ताटात ठेवून खोलला. प्रत्येक सुटा भाग क्रमानं मांडला आणि मोबाइलवर फोटो काढत गेलो. पुतण्याची शिकवण. जेट साफ करताना लोखंडी तार घालायची नाही, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये भिजत ठेवायचं आणि हवा मारायची. पेट्रोल पंपाचा डायफ्राम कडक होऊन चिरला होता, तो बदलला.

आणि नळ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून, रसातून आणि मळीतून निघतं. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात म्हणून आपलं बिल वेळेवर निघायला मदत होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण १९८६ च्या गाडीची रबरी नळी, वॉशर, डायफ्राम हे त्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ होतं, मग त्याचे कण सुटतात. गरम इंजिनाशेजारी गळकी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत त्याचं काही वाटत नाही, पण उभ्या गाडीत पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून टाकीपासून कार्बुरेटरपर्यंत सगळी नळी इथेनॉल चालणारी नवीन टाकली. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो साधी देतो. आपल्या रानात पिकलेली गोष्ट आपल्याच दारातली गाडी खाते, याची मला गंमत वाटली.

मग करंट. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर आतले पॉइंट पांढरे पडलेले. बारीक पॉलिश पेपरनं घासले, फिलर गेज लावून फट बसवली. ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते, नुसत्या नजरेनं जमत नाही. कंडेन्सर आणि प्लग नवे घातले. वायरी लावताना क्रम १-३-४-२. तो चुकला की इंजिन नुसतं ठसकतं. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला, पुतण्यानं सेल्फ मारला, निळी ठिणगी दिसली.

प्लग बाहेर असतानाच सेल्फ थोडा-थोडा मारत राहिलो, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे ऑइल वर चढलं, आता इंजिनाला आग द्यायला हरकत नाही. ही पायरी कुणी करत नाही. करा.

सुट्या भागांची चिंता होती, पण ती फार पडली नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी वर्षानुवर्षं याच गाडीच्या होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. इतक्या गाड्या होत्या, म्हणून माल अजून सापडतो. काही पुण्यात नाना पेठेत मिळाला, काही मुंबईहून कुरिअरनं आला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी गाडी सुरू केली. टाकी अजून बसवली नव्हती, म्हणून बाटलीला नळी लावून पेट्रोल दिलं. बाटली इंजिनापासून लांब बांधली, शेजारी ओल्या वाळूची दोन घमेली ठेवली. चोक ओढला. पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला एक ठसका. चौथ्याला पकडली. सायलेन्सरमधून आधी उंदरांचं भूस उडालं, मग निळा धूर, इतका की शेड दिसेना. आई ओट्यावरून पदर नाकाला लावून बघत होती. मी हातानंच थ्रॉटल धरून ठेवला. पाच मिनिटांनी धूर विरळ झाला आणि इंजिन एका लयीत लागलं.

मागं वळून बघितलं तर भिंतीपाशी आण्णा उभे.

थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "टॅपेट वाजत्यात."

मी म्हणालो, "व्हय. गेज लावायचा राहिलाय."

"तात्यांच्या टायमालाबी वाजायच्याच," म्हणाले आणि गेले.

पाळी आणि लाइट सोडून अकरा वर्षांत आम्ही बोललेलं हे पहिलं बोलणं. टॅपेटवर.

गाडी सुरू झाली म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. खरं तर गाडी सुरू होणं सोपं आहे, थांबणं अवघड. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज धरतं. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर खोलले, रबरी वॉशर सगळे नवे घातले. हे वॉशर पेट्रोल-डिझेलनं धुवायचे नाहीत, फुगतात. ब्रेक ऑइलनंच पुसायचे. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्यानं धुवा. पुढच्या एका पाइपला गंज होता, तो बदलला.

मग राहतं ब्रेकची हवा काढणं. आणि या कामाला दोन माणसं लागतातच. एक गाडीत बसून पायानं पेडल दाबतो, दुसरा चाकाखाली निपल सोडतो. आधी सगळ्यात लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं, मग जवळ-जवळ येत जायचं. दाबणाऱ्यानं दाबून धरायचं, खालच्यानं निपल सोडून हवेचे बुडबुडे काढायचे, परत आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय सोडायचा. वरच्यानं आधी पाय सोडला तर हवा परत आत येते आणि पहिल्यापासून सुरू.

पुतण्याची परीक्षा होती. माझा मुलगा पुण्याला. घरच्यांचा पाय पेडलवर ठरेना. मी बसलो होतो निपल साफ करत. दहाच्या सुमाराला आण्णा आले. भिंतीपाशी थांबले नाहीत, सरळ शेडात आले.

"काय राह्यलंय?"

"ब्रेकची हवा काढायची. माणूस लागतंय."

काही न बोलता दार उघडून तात्यांच्या जागेवर बसले. मी खाली चाकाशी आडवा झालो.

"दाबा."

"दाबला."

"धरा."

"धरलाय."

"सोडा."

एका चाकाला हे वीस-पंचवीस वेळा. पुढच्या उजव्या चाकाचं निपल अडकलं होतं, तिथंच तासभर गेला. गाडीत बसलेल्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा दिसत नाही. नुसता आवाज. वाटणीच्या वेळी आम्ही एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. इथं दुसऱ्याचा शब्द पुरा ऐकल्याशिवाय काम पुढं जात नाही. आण्णांचा पाय पेडलवर एकदाही आधी सुटला नाही. शेवटी पेडल टणक झालं. ते उतरले, गुडघा चोळत म्हणाले, "आता टायर?"

"बघायचेत."

आठ दिवसांनी पुतण्या पुण्याहून चार टायर-ट्यूब घेऊन आला. पैसे आण्णांनी दिले होते. मी मागितले नव्हते.

खर्चाचा हिशोब, कारण विचारलं जाणारच. टायर-ट्यूब १४,००० रुपये. ब्रेकचं सगळं सामान ५,२००. बॅटरी ४,६००. खालचा पत्रा सडला होता, त्याचं वेल्डिंग ३,५००. कार्बुरेटर, पंप आणि नळ्या २,३००. ऑइल, फिल्टर, कूलंट २,२००. रेडिएटर १,८००. प्लग, पॉइंट, वायरी १,७००. बाकी वायरिंग आणि बल्ब १,५००. एकूण ३६,८०० रुपये. मजुरी घरची. आमच्या घरच्यांनी हिशोब बघून सांगितलं, "एवढ्यात एकरभराच्या ठिबकच्या नळ्या आल्या असत्या." खरं आहे. पैशाच्या हिशोबानं हे काम बसत नाही, आणि मी ते बसवायला जात नाही. ज्याला फक्त फिरायला गाडी हवी त्यानं एवढ्यात दुसरी चांगली जुनी गाडी बघावी. आणि उभी गाडी घेताना आधी इंजिन फिरतं का आणि खालचा पत्रा किती सडलाय, या दोनच गोष्टी बघा. बाकी सगळं विकत मिळतं.

आता कागद. हा भाग इंजिनापेक्षा किचकट आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. आमची पाटी जुनी तीन अक्षरी, पुस्तक हातानं लिहिलेलं, त्यामुळं आधी जुन्या नोंदी संगणकावर चढवाव्या लागतात. मग नूतनीकरणाचा फॉर्म २५, गाडीची तपासणी, विमा, नवी सुरक्षा पाटी. बारामतीच्या आरटीओत जाऊन सगळं विचारून आलो. हे होईपर्यंत गाडी आमच्या शेतरस्त्यावरच चालते, डांबरीवर नेत नाही.

पण त्याआधी एक प्रश्न होता. गाडी अजून तात्यांच्याच नावावर. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, आणि त्यात नाव एकाचंच लागतं. बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर. म्हणजे फिरून तेच, आण्णा का मी. २०१४ ला जिथं अडलं होतं तिथंच.

एका संध्याकाळी मी पुस्तक घेऊन भिंतीपलीकडं गेलो. आण्णांच्या ओट्यावर बसलो, बऱ्याच वर्षांनी. वहिनींनी चहा ठेवला. पुस्तक मधे ठेवलं. आण्णांनी ते उघडून तात्यांची सही बघितली. म्हणाले, "तुझ्या नावावर कर. काम तू केलंस."

मी म्हणालो, "टायर तुमचे हायत."

आई आत भाजी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "माझ्या नावावर करा. मी काय कुठं न्यायची न्हाई ती."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईही वारसच, तिलाही हक्क. दुसऱ्या आठवड्यात अकलूजहून बहीण येऊन गेली. तिघांनी इंदापूरला जाऊन प्रतिज्ञापत्रं केली. आईचा अंगठा नाही, सही आहे. तिला त्याचा अभिमान आहे. फॉर्मवर तिनं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

आता गाडी कशी राखायची तेवढं सांगून थांबतो. पंधरा दिवसांतून एकदा तरी बाहेर काढायची. नुसती जागेवर सुरू करून दोन मिनिटांत बंद करायची नाही, त्यानं उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चांगली वीस मिनिटं चालवायची, इंजिन पूर्ण गरम व्हायला हवं, ब्रेक चार वेळा दाबायचा, चारी गिअर पडले पाहिजेत. टाकी रिकामी किंवा अर्धवट ठेवायची नाही, भरत आलेली ठेवायची, म्हणजे आत दमट हवा कमी राहते. बॅटरी उतरत असेल तर टर्मिनल सैल करून ठेवायचं.  हँडब्रेक ओढायचा नाही, दगड लावायचा.

आमच्याकडं पाळी ठरली आहे. एक पंधरवडा मी काढतो, एक पंधरवडा आण्णा. मोटारीच्या पाळीसारखीच ही मोटारीची पाळी. विहिरीच्या पाळीवरून आमचं अजून कधीमधी वाजतं, ते वाजतच राहणार. गाडीवरून अजून वाजलेलं नाही. किल्ली आता आईच्या उशाला असते. ज्याची पाळी, त्यानं तिच्याकडून मागून घ्यायची.

रानात वाफसा आलाय. पूर्वहंगामी लागण चालू आहे, पुढची नोंद तिची. राम राम.